लॉन्ड्रीतून दोन शब्द

डॉक्टर खोआबाने म्हणाले, यंदा प्रत्येक खात्याने बोलायचं,
लॉन्ड्रीनेसुद्धा.
म्हणून उभी आहे.
हात कुठे ठेवायचे ते कळत नाही,
एरवी ते पाण्यात असतात.

बाळंतिणींच्या वॉर्डाने आकडा सांगितला : तीनशे अकरा.
आमचा कुणी विचारला नाही, तरी सांगते :
एका जन्माला चार चादरी,
एका मरणाला दोन,
हगवणीला मोजदाद नाही.

जूनमध्ये मालूतीचा घाट बर्फाने बंद, नऊ दिवस.
आधी डिझेल संपलं, मग साबण.
दोरीवरच्या चादरी गोठून फळ्या झाल्या.
दारं वाहून न्यावीत तशा आम्ही त्या
डोक्यावर आडव्या धरून आत आणल्या,
स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या.
हळूहळू त्या गुडघ्यांत वाकल्या,
मग बसल्या,
लांबून चालत आलेल्या पाहुण्यांसारख्या.
आचारी मोखेले ओरडला नाही. त्याचे आभार.

त्याच आठवड्यात लिनेओ आली, दिवस भरलेली, तट्टावरून,
दीर पुढे लगाम धरून, कमरेएवढ्या बर्फात.
मुलगी झाली.
घोंगडीला लागलेला तट्टाचा वास
तीन धुण्यांत गेला नाही.
लिनेओ म्हणाली, असू दे, तिला घरची वाट कळेल.

पुलेंग सिस्टर, तुझे आभार मानायचेच आहेत,
पण आधी तक्रार : खिसे तपासून पाठवत जा.
यंदा मिळालेलं : एक थर्मामीटर, धड;
कुणाची तरी दाढ; मक्याचे भाजलेले दाणे; सात नाणी;
आणि डॉक्टरांच्या कोटात घडी घातलेला कागद.
तो मी वाचला नाही, तोवर शाई उतरली होती.

हे खोटं आहे.
तीन नावं होती, शेवटचं वाचता आलं.
कॉट नंबर सहा. त्याच्या चादरीवर मी बदक शिवलं होतं,
ते त्याला कोंबडी वाटायचं.
कोटाच्या खिशाखाली निळा डाग राहिला.
लिंबू, मीठ, दोन उन्हं, निघाला असता.
मी काढला नाही.
त्यांनीही विचारलं नाही.

आणि मशीन. हो, मशीन.
कातरणीच्या दिवसांत खालच्या खोऱ्यातल्या घराघराने
एकेका मेंढीची लोकर आमच्या नावाने बाजूला ठेवली.
ट्रकमधून उतरलं, आणि दारातून आत जाईना.
भिंत फोडली. तिथला गिलावा अजून वेगळा दिसतो.
पहिल्या दिवशी अर्धं इस्पितळ बघायला,
सलाइनच्या बाटल्या हातात उंच धरून.
ते फिरलं, थांबलं,
विचार केल्यासारखं करून उलटं फिरलं.
टाळ्या पडल्या.

मामोतेबांग तेवढी उपड्या बादलीवर बसून राहिली.
एकवीस वर्षं तिने या खोऱ्याचं रक्त हातांनी काढलं,
गार पाण्यात; रक्ताला ऊन पाणी कधी नाही,
हे मला तिनेच शिकवलं.
तळवे उलटसुलट बघत म्हणाली,
आता यांना काय सांगू?
मला अजून उत्तर सुचलेलं नाही.
सध्या ती उशांना टाके घालते,
मशीन थांबलं की दार उघडून चादरींचा वास घेते.
दोनदा तिने त्याला पुन्हा धुवायला लावलं.

एक राहिलं. म्हातारे रामात्ला फेब्रुवारीत गेले,
त्यांची घोंगडी न्यायला कुणी आलं नाही.
तपकिरी, काठाला मक्याच्या कणसांची नक्षी, एक कोपरा जळलेला.
तिसऱ्या फळीवर आहे. दर दोन महिन्यांनी ऊन दाखवतो.
मुलगा खाणीत आहे म्हणतात.
कुणी ओळखत असेल तर निरोप द्या,
घाई नाही म्हणावं.

बाकी आभारांची यादी मी लिहून आणणार होते.
एप्रनच्या खिशात ठेवली होती.
एप्रन काल धुतला.
(पुलेंग, हसू नकोस.)

तेव्हा एवढंच. डोंगरामागे काळं भरून आलंय,
दोरीवर सव्वीस चादरी आहेत,
भाषण ऐकून ज्यांचे हात मोकळे झाले असतील
त्यांनी चला.